एक मंच्युरियन, दोन बश्या

कळंबमधून बाहेर पडता पडता एक फॅमिली गार्डन लागतं. पाटीवरचं त्याचं नाव गावात कुणी घेत नाही. 'गार्डनला जाऊ' एवढं म्हटलं की पुरतं. फाटकाशी सिमेंटचा जिराफ आहे. त्याचा डावा कान मी तिसरीत असल्यापासून तुटलेला आहे. आत सिमेंटच्याच छत्र्या, त्यांच्यावर भूछत्रासारखे पांढरे ठिपके. भिंतीलगत काचेच्या पेटीत निळा दिवा आहे, पाणी आहे, मासे नाहीत. एका बाजूला प्लायवूडचे आडोसे घालून केलेली 'फॅमिली रूम'. प्रत्येक आडोशाला मरून पडदा आणि टेबलाखाली बेलचं बटण. ते दाबलं की काहीही वाजत नाही, पण वेटर येतो.

या दिवाळीत लेकीला घेऊन तिथं गेले. पुण्यात वाढलेली पोरगी, तिनं मेनूकार्ड उघडलं आणि खुदकन हसली. हसण्यासारखंच आहे ते. प्लास्टिक पिवळं पडलंय, कोपरे सुटलेत. किमतींवर कागदाच्या चिकटपट्ट्या लावल्यात, एकीवर एक, अशा की नखानं सोलत गेलं तर १६० खाली ९०, ९० खाली ४५ आणि तळाशी १८ निघतात. पंजाबी, साऊथ इंडियन, चायनीज, कॉन्टिनेन्टल असे मथळे. त्यांच्याखाली रशियन सलाड, अमेरिकन चॉप्सी, व्हेज सिंगापुरी, स्पॅनिश आम्लेट, हवाईयन डिलाइट. हवाईच्या शेजारी व्हेज कोल्हापुरी. शेवटच्या पानावर बॉलपेननं नंतर लिहिलेलं: धपाटे, पिठलं-भाकरी, शेंगाची चटणी.

"कॉन्टिनेन्टलमध्ये काय मिळेल?" लेकीनं विचारलं.

"कॉन्टिनेन्टल आज नाही ताई. वस्ताद गावाला गेलाय."

वस्ताद नेपाळचा. माझ्या आठवणीप्रमाणे तो वीस-बावीस वर्षं गावालाच गेलेला आहे.

"आई, हे सगळं इथं खातं तरी कोण?"

माझे आजोबा खायचे, असं म्हणाले आणि मग गोष्ट सांगणं आलं.

*

आमच्या घरात सन सांगायची रीत नव्हती. 'रझाकाराच्या सालात', 'बहात्तरला', 'भूकंपाच्या आदल्या साली' अशा खुणांवर काळ उभा असे. आजोबांकडं तर याच्याही आधीचं एक कॅलेंडर होतं. निजामाच्या राज्यात फसली सन चाले आणि महिन्यांची नावं फारसी असत: आजूर, दै, बहमन, इस्फंदार. आजोबा स्वतःचा जन्म १३४३ फसलीतला सांगायचे. त्यात महिना बघून ५९० किंवा ५९१ मिळवले की इंग्रजी साल सापडतं, हे गणित त्यांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं.

शाळा उर्दूतून. चौथीपर्यंत तहतानिया, पुढं वस्तानिया. अलिफ-बे गिरवताना आजोबांच्या वर्गात आणखी एक मुलगा होता, तो दाराच्या उंबऱ्याशी बसायचा. पावसाळ्यात त्याच्या पाटीवर पागोळ्या पडत. पुढं तो शिक्षक झाला आणि साऱ्या गावाचा गुरुजी. आजोबांशी त्याची दोस्ती जुळली ती खोडरबरावरून की कैरीवरून, हे दोघंही वेगवेगळं सांगत. पण उंबऱ्याशी का बसायचा, हे लहानपणी मी विचारलं तेव्हा दोघंही एकदमच गप्प झाले. गुरुजी गावकुसाबाहेरचे.

आजोबांची लाडकी गोष्ट बार्शीची. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, आम्ही निजामाच्या. मधे करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. त्या नाक्याच्या पलीकडं नाणंसुद्धा बदलायचं. आपला तो हाली सिक्का, त्यांचा तो कलदार. शंभर कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा भाव आजोबा शेवटपर्यंत पाठ म्हणत. सोपं करून सांगायचं तर सात हालीला सहा कलदार. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयानं सीमेवरची कितीतरी घरं बार्शीकडं सरकली, त्यात आमचंही होतं. तिथं स्टेशनाजवळ चौदा वर्षांच्या आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा हॉटेल पाहिलं. अडीच फुटी रुळांवरून धावणारी बार्शी लाइट रेल्वे १८९७ पासूनची, ती १९११ पर्यंत लातूरला पोचली होती. त्यामुळं चहा-भज्यांची हॉटेलं बार्शीत रुजली होती. आजोबांनी ऐटीत भजी मागवली, खाल्ली आणि हाली आणा पुढं केला. हॉटेलवाल्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "हे नाणं आमच्यात चालत नाही."

हे सांगून आजोबा खो खो हसायचे. गुरुजी मात्र एवढंच म्हणायचे, "तुझं नाणं तरी परत दिलं त्यानं."

*

गुरुजींचं आजोळ कसबे तडवळं. १९४१ च्या फेब्रुवारीत तिथं महार-मांग वतनदार परिषद भरली आणि डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आले. सहा-सात वर्षांचे गुरुजी मामाच्या खांद्यावर होते. भाषणातलं एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं. लक्षात काय राहिलं, तर माणसं एका रांगेत बसून जेवली ते. "एवढी माणसं एकदम बसलेली मी आधी फक्त बाजारात पाहिली होती," ते म्हणत. "आणि बाजारात आम्ही बसायचो ते कडंला."

गावातल्या चहाच्या हॉटेलांत तेव्हा त्यांच्यासाठी निराळ्या कपबश्या असत, खुंटीला नाहीतर बाहेरच्या शहाबादी फरशीवर. पिऊन झालं की आपणच विसळून ठेवायची. ही रीत एकट्या कळंबची नव्हती आणि एकट्या निजामाच्या राज्यातलीही नव्हती. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ हाली सिक्का गेला, करोडगिरीचा नाका उठला, आजूर आणि बहमन हे महिने गेले. कप राहिला.

दुसऱ्यांच्या हॉटेलांचं कशाला सांगू? तो कप आमच्याच घरात होता. ढाळजेत, दारातून शिरलं की डाव्या हाताच्या कोनाड्यात. निळ्या फुलाचा, कानाशी टवका उडालेला. गुरुजी आले की आज्जी त्यात चहा ओतायची, तोही वरून. पिऊन झाल्यावर गुरुजी तो अंगणातल्या रांजणाशी विसळून पुन्हा कोनाड्यात पालथा घालायचे. मला वाटायचं, गुरुजींना तो कप फार आवडतो, म्हणून आज्जीनं त्यांच्यासाठी राखून ठेवलाय.

आज्जी दुष्ट नव्हती. तिच्या जगाला एक नियम होता आणि त्या नियमाचं नाव पाणी. कोरड्याला विटाळ नाही. पाणी लागलं की जात लागते. ज्वारी कुणाच्याही हातची चालेल, भाकरी चालणार नाही. प्रवासात पोळी नको, दशमी हवी, कारण दशमीचं पीठ पाण्यात नाही, दुधात भिजवतात. चहा म्हणजे तर नुसतं पाणीच.

म्हणून बहात्तरच्या दुष्काळात तिला अमेरिकेची ज्वारी निमूट चालली. तिला मिलो म्हणत. लाल, टपोरी, आणि भाकरी थापावी तर कडा फाटणारी. आजोबा तहसिलीत कारकून होते, गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत. गावं ओस पडून खडी फोडायला निघाली होती. दुष्काळी कामावर सुकडी वाटली जायची, त्याच्या आठवणी दोघं सांगत. मी एकदा शहाण्यासारखं म्हटलं, "म्हणजे भुकेनं सगळ्यांना एका रांगेत आणलं." गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. "रांग एकच होती," ते म्हणाले. "डबे वेगळे होते."

*

गार्डन सुरू झालं ते भूकंपाच्या आदल्या साली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, म्हणजे १९९२. त्याच वर्षी आजोबा आणि गुरुजी दोघंही अठ्ठावन्नाचे होऊन रिटायर झाले. गुरुजींनी जाहीर केलं, "पार्टी मी देणार. गार्डनला. वहिनींसकट."

आज्जी आयुष्यात हॉटेलात गेलेली नव्हती. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत ती चुनखडी वेचायला जायची, तेव्हासुद्धा फडक्यात दशम्या आणि शेंगाची चटणी असायची. नाही म्हणावं तर गुरुजींनी नवऱ्यादेखत बोलावलेलं. शेवटी "मी फक्त बसेन" या अटीवर ती निघाली. पदराच्या गाठीला राजगिऱ्याचे दोन लाडू बांधलेले मी पाहिले.

आम्हाला फॅमिली रूम मिळाली, कारण सोबत बायका होत्या; म्हणजे आज्जी आणि नऊ वर्षांची मी. पडदा सरकवून चौघं एका टेबलाला बसलो. तिच्यासमोर गुरुजी, तिच्यापासून दोन हातांवर. इतक्या जवळून तिनं त्यांना कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

गुरुजींनी मेनूकार्ड उघडलं आणि भिंतीवरच्या नकाशावरून छडी फिरवावी तसं बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागले. "सिंगापूर. रशिया. स्पेन. अमेरिका. हवाई." मग आजोबांना म्हणाले, "तगर पुन्हा सुरू झालं म्हण की."

तेर त्यांचा जीव. दरवर्षी सातवीच्या पोरांना एसटीनं तेरला न्यायचे. गोरोबाकाकांचं दर्शन आधी, मग रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर वेचून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय. हे तेर म्हणजे जुनं तगर. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी वहीत त्याची नोंद आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर, फार मोठं शहर. इथलं जाडंभरडं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून समुद्रापार. तेरला एक हस्तिदंती बाहुली मिळाली, तिच्याशी नातं सांगणारी दुसरी १९३८ मध्ये इटलीत सापडली, पॉम्पेच्या राखेखाली. "बाई तेरची, सासर रोमचं," असं गुरुजी पोरांना सांगायचे. रोमशी सोयरीक असलेल्या मुलखाला हवाईचं काय अप्रूप, असा त्यांचा सवाल.

आज्जीला हवाईशी देणंघेणं नव्हतं. स्थळाची चौकशी करावी तशी ती एकेका पदार्थाचं कूळ विचारत होती.

"ते पनीर कुणाच्यातलं?"

"पंजाब्यांचं."

पंजाबी बाद. (त्या तंदूरची कथा तिला सांगितली असती तर कदाचित तिनं कान दिला असता. रझाकाराच्या आदल्या सालात, फाळणीत पेशावरकडची माणसं घरदार टाकून दिल्लीला आली आणि त्यांनी दर्यागंजला जी भट्टी पेटवली, तिच्यामुळं 'पंजाबी' ही जेवणाची जात देशभर झाली. घर सोडून पलीकडं पळणं आमच्या घराला ठाऊक होतं.) इडलीवर ती थोडी घुटमळली. सोलापूरच्या उडप्याच्या हॉटेलात आचारी ब्राह्मण असतो, असं तिनं ऐकलं होतं. पण इडली संपली होती. व्हेज कोल्हापुरीला आजोबाच म्हणाले, "हे कोल्हापुरात तरी कुणाच्या घरी होत असंल का, देव जाणे."

मग वेटर म्हणाला, "मंच्युरियन घ्या. सगळे तेच घेतात."

"हे कुणाच्यातलं?" आज्जी.

"चायनीज आहे आज्जी."

"म्हणजे कुणाच्यातलं?"

वेटर गप्प. आजोबा पाण्याच्या ग्लासात बघत राहिले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "वहिनी, हे कुणाच्यातलंच नाही."

गुरुजींना ठाऊक नव्हतं, पण ते अक्षरशः खरं होतं. मंच्युरियाला हा पदार्थ कुणी ओळखणार नाही. त्याचा शोध नेल्सन वँग यांच्या नावावर आहे. जन्म कोलकात्याचा, घराणं चिनी, आणि हा प्रयोग १९७५ चा, मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियातला. आलं, लसूण, हिरवी मिरची ही आपल्या भाजीची सुरुवात. त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस पडला आणि कॉर्नफ्लॉवरनं त्याला दाटपणा आणला. मूळचं कोंबडीचं, पुढं शाकाहाऱ्यांसाठी कोबीचे गोळे आले. चॉप्सीचीही तीच तऱ्हा: अमेरिकेत गेलेल्या चिन्यांनी तिथल्या गिऱ्हाइकासाठी जुळवलेली, इथं येऊन टोमॅटो सॉसमध्ये बुडालेली. रशियन सलाड १८६० च्या दशकात मॉस्कोच्या हर्मिटेज हॉटेलात ज्यानं केलं, त्याचं आडनाव ऑलिव्हिये. त्या पानावरचं कुणीच सरळ आपल्या गावचं नव्हतं.

पण मला आज कळतं ते वेगळंच. भाकरी, आमटी, येसर, पुरण या प्रत्येकामागं कुणाची तरी आजी उभी असते आणि ती सांगते, 'आमच्यात असं करतात, तुमच्यात तसं करतात.' मंच्युरियनमागं कळंबमध्ये कुणाचीच आजी उभी नव्हती. त्याच्याबद्दल 'आमच्यात चालत नाही' असं म्हणायला रूढी लागते, आणि रूढी पडायला त्याला वेळच मिळाला नव्हता.

आज्जी बराच वेळ विचार करत होती. वेटरनं वहीवर पेन टेकवून विचारलं, "ड्राय की ग्रेव्ही?"

"म्हणजे?"

"कोरडं का रशाचं?"

आज्जीचा चेहरा खुलला. तिच्या जगातला नियम त्या मेनूकार्डावर छापलेला सापडला होता. "कोरडं," ती म्हणाली. "कोरडंच आण."

आणि आज्जीनं खाल्लं. एकाच बाऊलमधून, एकाच चमच्यानं, आधी गुरुजींनी वाढून घेतल्यावर. मी पाहिलं, आजोबांनी पाहिलं. गुरुजी मात्र बडीशेपेच्या वाटीकडं बघत होते. लाडू पदराच्या गाठीतच राहिले.

*

गोष्ट इथं संपवता आली असती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी पेन्शनच्या कागदांसाठी आमच्याकडं आले. आज्जीनं चहा केला. कोनाड्यातला कप काढला आणि वरून ओतला. कालची संध्याकाळ तिच्या लेखी हॉटेलात राहिली होती. घर हे घर होतं. आजोबांनी खाली बघून बशी फुंकली. ते काही बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि नंतरही कधी नाही. तालुक्याचं दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला एक कप हलवता आला नाही.

त्यानंतर एक रिवाज पडला. दर महिन्याला पेन्शन हातात पडली की दोघं म्हातारे गार्डनला जायचे. सुट्टीत आले असले की मीही मागं लागायची. ऑर्डर ठरलेली, "एक मंच्युरियन, दोन बश्या." मी असले तर तीन. पंधरा-सोळा वर्षं. जिराफाचा रंग उडाला, मासे मेले, १८ वर ४५ चिकटले. दोघांच्या दाढा गेल्या तेव्हा कोरड्यावरून ग्रेव्हीवर आले, पण मंच्युरियन सुटलं नाही. कॉलेजात मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे, आमच्या कळंबचे म्हातारे चायनीजसाठी वेडे आहेत.

२००९ मध्ये आजोबा गेले. तेराव्याला गुरुजी आले, मांडवाच्या खांबाशी उभे राहिले आणि पंगत बसायच्या आत निघाले. मी मागोमाग गेले. काय करावं सुचेना, म्हणून म्हटलं, "गार्डनला जाऊ."

नेहमीच्या टेबलाला बसलो. मी ऑर्डर दिली, एक मंच्युरियन, दोन बश्या. आलं. गुरुजींनी हात लावला नाही.

"घ्या ना गुरुजी."

"नको पोरी. मला पित्त होतं त्यानं. पहिल्यापासून."

"आणि आजोबांना?"

"त्याला तर घशाखाली उतरायचं नाही. गुळचट म्हणायचा. दर वेळी म्हणायचा."

"मग इतकी वर्षं कशाला येत होतात?"

गुरुजींनी आपल्यासमोरची रिकामी बशी उचलली, माझ्यासमोरची उचलली आणि दोन्ही माझ्यापुढं शेजारी शेजारी ठेवल्या. पांढऱ्या, काठाला हिरवी रेघ, जाड. मग त्यांनी त्या पालथ्या घातल्या. पाठीमागंही सारख्याच.

"बघ," ते म्हणाले. "ओळखून दाखव, माझी कुठली."

*

आज्जी गेल्यावर आईनं ढाळजेतला कोनाडा लिंपून बंद केला. कपाचं काय झालं, हे घरात कुणी कुणाला विचारलं नाही. नंतर गुरुजीही गेले.

लेकीला यातलं किती कळलं, कोण जाणे. तिनं मेनूकार्ड मिटलं, टेबलाखालचं न वाजणारं बटण दाबलं. वेटर आला. "एक मंच्युरियन," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून पुढं म्हणाली, "दोन बश्या."

ग्रेव्हीत बुडालेले लालभडक गोळे आले. तिनं एक तोंडात टाकला, जरा वेळ चावला आणि नाक मुरडलं.

"गोड आहे गं हे."

"गुळचट," मी म्हणाले आणि दुसरा घेतला.